साल्मोनेला आणि पाणथरीतील गळू : निदान, उपचार आणि सांडपाण्यावरची शेती

विषमज्वराच्या रुग्णाचा ताप औषध सुरू होताच उतरत नाही. योग्य प्रतिजैविक योग्य मात्रेत चालू असतानाही तो ओसरण्यास चार ते सहा दिवस लागतात. हे ठाऊक नसल्यामुळे अनेक घरांत तिसऱ्याच दिवशी डॉक्टर बदलला जातो. याउलट काही घरांत दहा-बारा दिवस उलटूनही थंडी वाजून ताप येत राहतो, डाव्या बरगडीखाली ठणका लागतो, आणि ‘मुदतीचा ताप आहे, मुदत भरली की जाईल’ या समजुतीवर रुग्णाला अंथरुणात ठेवले जाते. पहिल्या चुकीत पैसा जातो, दुसऱ्या चुकीत जीव जाऊ शकतो. प्रस्तुत लेख दुसऱ्या प्रसंगाविषयी आहे. साल्मोनेला जिवाणूंमुळे पाणथरीत, म्हणजे प्लीहेत, गळू होणे ही विषमज्वराची विरळ, पण वेळेवर ओळखल्यास पूर्णपणे बरी होण्यासारखी गुंतागुंत आहे.

कृषी विषयाच्या वार्तापत्रात मानवी पोटातील गळवाची चर्चा कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. त्याचे एक उत्तर नावातच आहे. ‘साल्मोनेला’ हे नाव डॅनियल सालमन या अमेरिकी पशुवैद्यकाच्या आडनावावरून पडले. १८८५ मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेत थिओबाल्ड स्मिथ यांनी आजारी डुकरांपासून हा जिवाणू वेगळा केला. हे जिवाणू गोठ्यात, खुराड्यात, पाटाच्या पाण्यात आणि भाजीच्या जुडीत आढळतात. त्यांतील विषमज्वराचा जिवाणू मात्र केवळ माणसात राहतो आणि माणसाच्या विष्ठेतूनच पाण्यात उतरतो. दुसरे उत्तर असे की, गावात तापाचा रुग्ण असल्याची बातमी डॉक्टरांच्या आधी अनेकदा कृषी सहायक, पशुधन पर्यवेक्षक किंवा शेतकरी गटाच्या प्रमुखापर्यंत पोहोचते. रुग्णाला कोणत्या दवाखान्यात न्यावे हा सल्लाही बहुधा तेच देतात.

कोलकात्याचा संदर्भ

या विषयाचा अभ्यास करावयाचा तर कोलकात्याइतके समृद्ध उदाहरण भारतात क्वचित सापडेल. शहराच्या पूर्वेस सुमारे १२,५०० हेक्टर क्षेत्रावर पाणथळ प्रदेश पसरला आहे. त्यास १९ ऑगस्ट २००२ रोजी रामसर क्षेत्राचा दर्जा मिळाला. महानगराचे सांडपाणी कालव्यांवाटे येथे येते आणि ‘भेरी’ नावाच्या उथळ तळ्यांत सोडले जाते. अशा भेऱ्या अडीचशेच्या आसपास असून त्यांत रोहू, कटला, मृगळ आदी मासे वाढविले जातात. धापा येथे शहराचा कचरा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून टाकला जात आहे. त्या कचऱ्यापासून तयार झालेल्या सुपीक जमिनीवर फुलकोबी, पालक, वांगी, मुळा अशी भाजी पिकते आणि ती शहरातच विकली जाते. विद्याधरी नदी गाळाने भरून निकामी झाल्यावर सांडपाण्याचे करायचे काय, हा प्रश्न उभा राहिला होता. त्याचे हे उत्तर मच्छीमारांनी व शेतकऱ्यांनी अनुभवातून शोधले. राज्य शासनाच्या सेवेतील अभियंते ध्रुवज्योती घोष यांनी १९८०च्या दशकापासून या व्यवस्थेची शास्त्रीय नोंद केली आणि जगाचे लक्ष तिच्याकडे वेधले.

या व्यवस्थेतील शास्त्र साधे आहे. उथळ पाण्यात सूर्यप्रकाश तळापर्यंत पोहोचतो आणि शेवाळे वाढते. शेवाळ्याच्या प्रकाशसंश्लेषणामुळे दिवसा पाण्यातील प्राणवायू वाढतो व पाणी अल्कधर्मी होते. अशा पाण्यात आतड्यातील रोगजंतू फार काळ तग धरत नाहीत. म्हणून नीट चालविलेली भेरी ही एका अर्थी सांडपाणी शुद्धीकरण केंद्राचेच काम करते. हे काम तळ्यात पाणी पुरेसे दिवस साठविले तरच होते. कालव्यातून थेट भाजीच्या वाफ्यात घेतलेल्या पाण्यास हे वरदान लाभत नाही. ‘सांडपाण्यावरची शेती चांगली की वाईट’ असा सरसकट वाद निरर्थक आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत त्यामुळेच झाले आहे. पाणी किती दिवस थांबले आणि पिकाच्या कोणत्या भागाला लागले, हे खरे प्रश्न आहेत.

शहराच्या पूर्व भागातील दाट वस्त्यांमध्ये विषमज्वर किती आहे, याचे मोजमापही येथेच झाले. या शतकाच्या पहिल्या दशकात कोलकात्याच्या राष्ट्रीय कॉलरा व आंत्ररोग संस्थेने सोलच्या आंतरराष्ट्रीय लस संस्थेच्या सहकार्याने वस्तीपातळीवर अभ्यास केला. रक्त-संवर्धनाने सिद्ध झालेला विषमज्वर ५ ते १५ वर्षे वयोगटात दर लाख मुलांमागे वर्षाला चारशेहून अधिक आढळला. पुढे याच वस्त्यांत ‘व्हीआय’ लसीची चाचणी झाली. वस्तीचे ८० समूह पाडण्यात आले आणि सदतीस हजारांहून अधिक लोकांना ती लस किंवा तुलनेसाठी कावीळ ‘अ’ची लस टोचण्यात आली. २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. लस घेतलेल्यांना ६१ टक्के संरक्षण मिळाले. त्याच समूहांत राहणाऱ्या, पण लस न घेतलेल्या शेजाऱ्यांनाही ४४ टक्के संरक्षण लाभले. हा दुसरा आकडा आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक बोलका आहे, कारण विषमज्वर एका माणसाकडून दुसऱ्याकडे पाणी, माती आणि अन्न यांवाटे जातो, हेच त्यातून दिसते.

गळू होते कसे

जिवाणू पोटात गेल्यावर लहान आतड्याच्या भिंतीतील लसिका-ग्रंथींत शिरतात आणि तेथून रक्तात उतरतात. रक्तातील जंतू गाळून नष्ट करणे हे प्लीहेचे काम. साल्मोनेलाचे वैशिष्ट्य असे की, त्याला गिळणाऱ्या भक्षक पेशींच्या आतच तो जिवंत राहू शकतो. शत्रूला कैद करण्यासाठी बांधलेल्या तुरुंगातच शत्रूने तळ ठोकावा, तसा हा प्रकार. परिणामी दुसऱ्या आठवड्यात यकृताबरोबर प्लीहाही सुजते, मऊ पडते आणि हाताला लागू लागते. बहुसंख्य रुग्णांत औषधोपचाराने ही सूज उतरते. काही रुग्णांत मात्र प्लीहेच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो. तो भाग मृत होतो, जिवाणूंना तेथे आश्रय मिळतो आणि पू साठू लागतो.

कोणाच्या बाबतीत हे अधिक संभवते? ज्यांची रोगप्रतिकारशक्ती क्षीण आहे, ज्यांना अनियंत्रित मधुमेह किंवा एच. आय. व्ही. संसर्ग आहे, ज्यांच्या हृदयाच्या झडपांवर जंतुसंसर्ग आहे, ज्यांना पोटावर मार बसून प्लीहेत रक्त साकळले आहे, त्यांच्या बाबतीत. महाराष्ट्रातील विस्तार कार्यकर्त्यांनी यात आणखी एक गट ठळकपणे लक्षात ठेवावा, तो सिकलसेलग्रस्तांचा. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, नंदुरबार आदी जिल्ह्यांतील आदिवासी व अन्य समाजांत हा आनुवंशिक विकार आढळतो. त्यांच्या प्लीहेत वारंवार रक्तपुरवठा खुंटून मृत भाग तयार होतात आणि साल्मोनेलाचा संसर्ग त्यांच्या हाडांत व प्लीहेत रुजण्याची शक्यता सर्वसामान्यांपेक्षा बरीच जास्त असते. सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले. त्याअंतर्गत तपासणी होऊन कार्ड मिळालेल्या व्यक्तीला ताप आल्यास ते कार्ड दवाखान्यात प्रथम दाखवावे. ‘साधा ताप आहे, कार्ड कशाला’ असे म्हणून ते घरी ठेवण्याची चूक वारंवार होते.

संशय केव्हा घ्यावा

ताप, डाव्या बाजूस वरच्या पोटात दुखणे आणि वाढलेली प्लीहा अशी तीन लक्षणे ग्रंथांत एकत्र दिलेली असतात. प्रत्यक्षात तिन्ही एकाच वेळी सर्वांत दिसत नाहीत. ताप मात्र बहुतेक सर्वांत असतो. गळू प्लीहेच्या वरच्या टोकाशी असल्यास मध्यपटल चिडते. मग वेदना डाव्या खांद्यात जाणवते, कोरडा खोकला येतो, दीर्घ श्वास घेताना कळ येते आणि रुग्णावर ‘न्यूमोनिया’चा उपचार सुरू होतो. छातीच्या क्ष-किरण चित्रात डाव्या फुप्फुसाभोवती पाणी दिसल्यास तो समज अधिकच पक्का होतो. खांदा दुखतो म्हणून मालिश करून घेणारे रुग्णही असतात. पाणथरी सुजलेली असताना पोट चोळणे किंवा पोटावर डाग देणे हे प्रकार कटाक्षाने टाळावेत. सुजलेली प्लीहा नाजूक असते आणि फुटल्यास पोटात प्राणघातक रक्तस्राव होऊ शकतो. बंगालीत अतिशय घाबरण्यास ‘पिले चमकणे’, म्हणजे पाणथरी दचकणे, असे म्हणतात. हिवताप व काळा आजार यांनी वाढलेल्या प्लीहा पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेल्या प्रदेशाच्या भाषेतच हा वाक्प्रचार रुळावा, यात नवल नाही.

व्यवहारात एक नियम पाळता येईल. योग्य प्रतिजैविक सुरू करून आठवडा झाला तरी ताप उतरत नसेल, किंवा उतरलेला ताप पुन्हा चढला असेल आणि डाव्या बरगडीखाली दुखत असेल, तर रुग्णास सोनोग्राफीची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. सोनोग्राफी तालुक्याच्या ठिकाणी बहुधा उपलब्ध असते. तिच्यात गळू काळसर पोकळीसारखे दिसते. शंका राहिल्यास सी. टी. स्कॅन करतात. लहान आणि अनेक गळवे त्यातच चांगली कळतात.

रक्ताच्या तपासण्यांबाबत थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे, कारण खरा गोंधळ येथे होतो. विडाल चाचणी फर्नांद विडाल यांनी १८९६ मध्ये मांडली. सव्वाशेहून अधिक वर्षे झाली तरी ग्रामीण दवाखान्यांत तिच्या एकट्या कागदावर टायफॉईडचे निदान होते. ही चाचणी जिवाणू शोधत नाही. जिवाणूंविरुद्ध शरीरात तयार झालेली प्रतिपिंडे शोधते. जेथे विषमज्वर नेहमीचाच आहे, तेथे निरोगी माणसाच्या रक्तातही अशी प्रतिपिंडे जुन्या संसर्गामुळे आढळतात. पहिल्या आठवड्यात खऱ्या रुग्णाची चाचणी नकारात्मकही येते. म्हणून ‘विडाल पॉझिटिव्ह’ या दोन शब्दांवर विसंबून महिनाभर इंजेक्शने घेणे शहाणपणाचे नाही.

खरे निदान रक्त-संवर्धनाने, म्हणजे ब्लड कल्चरने होते. त्यासाठी रक्त प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी घ्यावे लागते आणि प्रौढांत आठ ते दहा मिलिलिटर इतके पुरेसे घ्यावे लागते. तरीही सुमारे निम्म्या रुग्णांतच जिवाणू सापडतो. अस्थिमज्जेच्या संवर्धनात तो अधिक वेळा सापडतो, पण ती तपासणी सर्वत्र शक्य नसते. गळू झालेल्या रुग्णात मात्र एक संधी असते. सुईने काढलेला पू प्रयोगशाळेत पाठविल्यास जिवाणू कोणता आणि त्यावर कोणते औषध चालते, हे दोन्ही कळते. पू काढला आणि फेकून दिला, असे होता कामा नये. नातेवाइकांनी तो तपासणीस पाठविला का, असे विचारण्यात कसलाही संकोच बाळगू नये.

प्रत्येक गळू साल्मोनेलाचे नसते

शेतकरी कुटुंबांच्या दृष्टीने या लेखाचा सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे. सोनोग्राफीत दिसणाऱ्या काळ्या पोकळीचा अर्थ रुग्णाच्या व्यवसायाशी जोडून पाहावा लागतो, आणि आपला व्यवसाय डॉक्टरांना सांगण्याची सवय आपल्याकडे नाही.

भातखाचरात अनवाणी काम करणाऱ्या, विशेषतः मधुमेह असलेल्या व्यक्तीस पावसाळ्यात किंवा त्यानंतर ताप येऊन प्लीहेत व यकृतात अनेक छोटी गळवे दिसली, तर मेलिऑइडोसिसचा विचार करावा लागतो. हा जिवाणू माती व पाण्यात राहतो आणि त्वचेवरील जखमेतून किंवा श्वासावाटे शरीरात शिरतो. भारताच्या पूर्व भागात, तसेच कर्नाटक व तमिळनाडूच्या किनारपट्टीवर त्याचे रुग्ण आढळतात. प्रयोगशाळेत त्याची गणना कधीकधी ‘स्यूडोमोनास’च्या सामान्य प्रकारात होते आणि तो दुर्लक्षिला जातो. विषमज्वरासाठी सर्रास दिले जाणारे सेफ्ट्रिॲक्झोन मेलिऑइडोसिसमध्ये पुरेसे ठरत नाही. तेथे सेफ्टॅझिडिम किंवा मेरोपेनेम आणि त्यानंतर कित्येक महिने गोळ्या द्याव्या लागतात. म्हणून ‘मी चिखलणी करीत होतो, पायाला जखम होती’ हे वाक्य डॉक्टरांना सांगणे एखाद्या महागड्या तपासणीइतकेच मोलाचे ठरू शकते.

मेंढपाळ आणि कुत्री पाळणाऱ्या कुटुंबांत वेगळीच शक्यता असते. कापलेल्या मेंढीचे खराब यकृत-फुप्फुस कुत्र्याला घातले जाते आणि कुत्र्याच्या विष्ठेतून फीतकृमीची अंडी माणसापर्यंत येतात. त्यातून होणारी हायडॅटिड गाठ बहुधा यकृतात, क्वचित प्लीहेत आढळते. तिला गळू समजून पूर्वतयारीविना सुई टोचल्यास आतील द्रव सांडतो व प्राणघातक ॲलर्जीची प्रतिक्रिया येऊ शकते. मेंढरे आणि कुत्री पाळल्याची माहिती सोनोग्राफी करणाऱ्यास आधीच द्यावी, ती याचसाठी. क्षयरोग, हिवतापातील प्लीहेचे मृत भाग आणि काळा आजार या शक्यताही असतातच. काळ्या आजारावर युरिया स्टिबामाइन हे औषध उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी कोलकात्यातच १९२०च्या दशकाच्या आरंभी शोधले आणि त्यामुळे असंख्य जीव वाचले.

उपचार

उपचाराविना प्लीहेतील गळू जवळजवळ नेहमी जीवघेणे ठरते. उपचारांचा पाया प्रतिजैविके हाच आहे. पण कोणते प्रतिजैविक, याचे उत्तर दर काही वर्षांनी बदलत आले आहे. १९४८ मध्ये क्लोरॅम्फेनिकॉल वापरात आले आणि विषमज्वराचे भय ओसरले. १९९०च्या आसपास भारतात क्लोरॅम्फेनिकॉल, ॲम्पिसिलिन व को-ट्रायमोक्सॅझोल या तिन्हींना दाद न देणारे जिवाणू पसरले. त्यानंतर सिप्रोफ्लॉक्सॅसिनचा काळ आला आणि भरमसाट वापरामुळे तोही सरला. आज रुग्णालयात शिरेवाटे सेफ्ट्रिॲक्झोन हे मुख्य औषध आहे. ॲझिथ्रोमायसिन साध्या, गुंतागुंत नसलेल्या विषमज्वरात उपयुक्त असले, तरी गळवात केवळ त्याच्यावर विसंबता येत नाही. पाकिस्तानच्या सिंध प्रांतात २०१६ पासून सेफ्ट्रिॲक्झोनलाही न जुमानणारा विषमज्वर पसरला, ही घटना आपल्याला परकी मानता येणार नाही. साध्या सर्दीसाठी औषधाच्या दुकानातून तीन गोळ्या आणण्याची पद्धत या इतिहासाशी थेट जोडलेली आहे.

गळवात औषध नेहमीपेक्षा बरेच अधिक दिवस, अनेक आठवडे, चालू ठेवावे लागते. ताप उतरल्यावर दुसऱ्याच दिवशी घरी नेण्याचा आग्रह धरू नये. सुगीच्या दिवसांत असा आग्रह हमखास होतो. गळवे लहान असल्यास केवळ औषधांनी ती विरतात आणि सोनोग्राफी पुन्हा पुन्हा करून त्यांच्यावर लक्ष ठेवले जाते. एकच मोठे गळू असून त्यातील पू पातळ असल्यास सोनोग्राफी किंवा सी. टी.च्या मार्गदर्शनाखाली सुईने पू काढतात अथवा बारीक नळी काही दिवस ठेवतात. या पद्धतीचा मोठा लाभ असा की, प्लीहा वाचते. गळवात अनेक कप्पे असतील, ते फुटले असेल, रक्तस्राव होत असेल किंवा नळीने गुण येत नसेल, तर शस्त्रक्रिया करून प्लीहा काढावी लागते. पूर्वी प्लीहा काढणे हाच प्रमाण उपचार मानला जाई. आता शक्य तेथे ती राखण्याकडे कल आहे आणि तो योग्यच आहे.

प्लीहा काढलेल्या व्यक्तीचे पुढील आयुष्य हा विषय बहुधा रुग्णालयाच्या दारातच संपतो. तो शेतापर्यंत यायला हवा. अशा व्यक्तीस न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस आणि हिमोफिलस ‘बी’ या जंतूंविरुद्ध लसी द्याव्या लागतात. शस्त्रक्रिया पूर्वनियोजित असल्यास त्या किमान दोन आठवडे आधी आणि तातडीची असल्यास साधारण दोन आठवड्यांनी देतात. तिला आलेला कोणताही ताप ही तातडीची बाब समजावी. तो काही तासांत गंभीर होऊ शकतो. हिवतापही तिला जोराने होतो, तेव्हा मच्छरदाणी अनिवार्य. कुत्रा चावल्यास रेबीजच्या लसीबरोबरच प्रतिजैविक त्वरित घ्यावे लागते, कारण कुत्र्याच्या लाळेतील एक जिवाणू प्लीहा नसलेल्या माणसात भयंकर रक्तदोष निर्माण करतो. शेतावर राखणीस कुत्री असणाऱ्यांनी हे विसरू नये. ‘माझी प्लीहा काढलेली आहे’ असे लिहिलेली चिठ्ठी खिशात बाळगणे उत्तम.

गोठा आणि खुराडे

पशुपालकांकडून वारंवार विचारला जाणारा प्रश्न असा, की कोंबड्यांचा ‘टायफॉईड’ माणसाला होतो का? तर नाही. कोंबड्यांतील ‘फाउल टायफॉईड’ आणि पिल्लांतील पांढऱ्या हगवणीचा ‘पुलोरम’ हे रोग साल्मोनेलाच्याच प्रकारांमुळे होतात, पण ते प्रकार पक्ष्यांपुरते बांधलेले आहेत. मेलेल्या कोंबडीच्या शवविच्छेदनात सुजलेली प्लीहा व काशाच्या रंगाची छटा असलेले यकृत दिसल्यास फाउल टायफॉईडचा संशय घ्यावा. माणसाला त्रास देतात ते साल्मोनेलाचे अन्य प्रकार. ते वरून निरोगी दिसणाऱ्या कोंबड्या, अंडी व मांस यांवाटे येतात. त्यांनी बहुधा जुलाब होतात, पण वृद्ध, मधुमेही व सिकलसेलग्रस्त व्यक्तींत ते रक्तात उतरून गळू करू शकतात. फुटकी अंडी वापरू नयेत, कच्चे अंडे दुधात घालून आजाऱ्याला पाजू नये आणि कोंबडी कापलेल्या सुरीने कोशिंबीर चिरू नये. कोंबड्यांच्या खाद्यात वाढीसाठी प्रतिजैविके मिसळण्याच्या सवयीबाबत केंद्र शासनाने २०१९ मध्ये कॉलिस्टिनवर बंदी घातली. इतर औषधांबाबत पशुपालकानेही विवेक बाळगावा.

गुरांतील प्लीहेच्या गळवाची कथा निराळी आहे. गाय-म्हैस चाऱ्याबरोबर तार किंवा खिळा गिळते, तो जाळीपोटातून पलीकडे घुसतो आणि कधीकधी प्लीहेत गळू करतो. जनावर पाठ कमानीसारखी करून उभे राहते, खाणे-दूध कमी होते, उतारावर चालताना कण्हते. चाऱ्याच्या गंजीजवळ तारेची बांधणी तोडून टाकू नये, हा साधा उपाय. एक सूचना मात्र ठळकपणे लक्षात ठेवावी. जनावर अचानक दगावले, नाकातोंडातून न गोठणारे काळपट रक्त वाहत असेल, तर प्लीहा पाहण्याच्या हौसेने शव उघडू नये. तो फाशी रोग, म्हणजे अँथ्रॅक्स असू शकतो. त्यात प्लीहा डांबरासारखी काळी व मऊ झालेली असते आणि शव उघडल्यास जिवाणूंचे टिकाऊ बीजाणू तयार होऊन जमीन वर्षानुवर्षे दूषित राहते. पशुवैद्यकास कळवावे आणि शव न उघडता विल्हेवाट लावावी.

पाणी आणि भाजी

पुण्याच्या खालच्या अंगाला मुळा-मुठेच्या पाण्यावर किंवा नागपूरजवळ नाग नदीच्या पाण्यावर भाजी पिकविणाऱ्या शेतकऱ्यापुढे धाप्याच्या शेतकऱ्यासारखाच पेच आहे. पाणी फुकट, खतयुक्त आणि बारमाही आहे, म्हणून ते सोडवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ मध्ये कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पिकांच्या सिंचनासाठी १०० मिलिलिटर पाण्यात विष्ठाजन्य कोलिफॉर्म १,००० पेक्षा जास्त नसावेत, अशी मर्यादा सुचविली होती. प्रक्रिया न केलेल्या नाल्याच्या पाण्यात हे जंतू या मर्यादेच्या कितीतरी पट असतात. तथापि ‘हे पाणी वापरू नका’ एवढे सांगून विस्तार कार्यकर्त्याचे काम भागत नाही.

शक्य असल्यास नाल्याचे पाणी थेट न देता उथळ तळ्यात काही दिवस साठवून मग द्यावे. भेरीचे तत्त्व लहान प्रमाणात इतकेच आहे. तुषार सिंचन टाळून सरी किंवा ठिबकने पाणी द्यावे, म्हणजे पानांना ते लागत नाही. कोथिंबीर, पालक, मुळा यांऐवजी अशा पाण्यावर शिजवून खाल्ली जाणारी किंवा जमिनीपासून उंच वाढणारी पिके घ्यावीत. काढणीपूर्वी एक-दोन आठवडे विहिरीचे पाणी द्यावे, म्हणजे ऊन व कोरडेपणा यांमुळे पानांवरील जिवाणू घटतात. आणि काढलेल्या जुड्या त्याच नाल्यात बुचकळून ‘टवटवीत’ करण्याची प्रथा पूर्णपणे थांबवावी. शेतात घेतलेली सारी काळजी त्या एका बुचकळण्यात वाया जाते. बाजारात माल ताजा दिसावा म्हणून हे केले जाते, तेव्हा स्वच्छ पाण्याची एक टाकी बाजार समितीने किंवा शेतकरी गटाने पुरविल्यास शेतकऱ्याचे नुकसान होणार नाही. काढणीच्या मजुरांना शौचालय, साबण आणि गमबूट मिळाले, तर नव्याने होणारा संसर्गही थांबतो.

लसीबाबत महाराष्ट्राने एक पाऊल आधी टाकले आहे. नवी मुंबई महानगरपालिकेने २०१८ मध्ये सार्वजनिक मोहिमेद्वारे एक लाखाहून अधिक मुलांना विषमज्वराची संयुग्मित लस दिली. हैदराबाद येथे विकसित झालेली ही लस सहा महिन्यांवरील बालकांनाही देता येते, तर कोलकात्यात वापरलेली जुनी लस दोन वर्षांखालील मुलांस उपयोगी पडत नसे. शेतकरी मेळाव्यात बियाणे आणि खतांबरोबर या लसीची माहिती देण्यास कोणती अडचण आहे?

आणखी एक बाब अनेकदा राहून जाते. विषमज्वरातून बरे झालेल्यांपैकी काही थोड्या व्यक्तींच्या पित्ताशयात जिवाणू वर्षानुवर्षे राहतात, विशेषतः पित्ताशयात खडे असल्यास. त्यांना कोणताही त्रास नसतो, पण त्यांच्या विष्ठेतून जिवाणू बाहेर पडत राहतात. घरात किंवा शेतमजुरांच्या एकाच टोळीत विषमज्वराचे रुग्ण पुन्हा पुन्हा निघत असतील, तर स्वयंपाक करणाऱ्या आणि पाणी भरणाऱ्या व्यक्तीची विष्ठा-संवर्धन तपासणी करून घ्यावी. ती एकदा नकारात्मक आली तरी पुन्हा करावी, कारण जिवाणू रोज बाहेर पडत नाहीत.